विश्लेषण : सासूला ‘आत्या’ का म्हणतात? कवट्या मोजणाऱ्या इरावती कर्वे नात्यांच्या नकाशापर्यंत कशा पोहोचल्या?

लातूर, नांदेडकडच्या गावांत नवी सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते. सासर लांबच्या गावातले असो, दोन्ही घरांचे आधी काही नाते नसो, हाक तीच. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडून तेलुगू मुलखात गेले की सासूला ‘अत्त’ म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीलाही ‘अत्त’च. आईचा भाऊ आणि सासरा या दोघांनाही तेथे ‘मामा’ हाच शब्द आहे. हिंदी प्रदेशात मात्र बुआ वेगळी, सास वेगळी. मामा वेगळा, ससुर वेगळा. या रोजच्या हाकांमध्ये भारतीय समाजरचनेचा नकाशा दडलेला आहे, हे गावोगाव फिरून आणि ग्रंथ धुंडाळून मांडणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. इरावती कर्वे. बहुतेक मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतात. परंतु त्यांचे मुख्य काम मानवशास्त्राचे होते आणि त्याची सुरुवात बर्लिनमधील एका प्रयोगशाळेत, मानवी कवट्यांच्या मोजमापाने झाली. या प्रवासात त्यांना स्वतःच्या मार्गदर्शकांच्या सिद्धान्तांविरुद्ध जाणारे निष्कर्ष एकदा नव्हे, दोनदा मांडावे लागले.

ब्रह्मदेशातील नदीचे नाव…

इरावतींचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता म्हणून नोकरीला होते. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तेथील मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्यांच्या घरी, म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी, इरावती मुलीसारख्या वाढल्या. पुस्तके, वादविवाद आणि बुद्धिप्रामाण्य यांचे वातावरण त्यांना तेथे मिळाले.

1926 मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास सुरू केला. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. याच काळात त्यांचा विवाह दिनकर कर्वे यांच्याशी झाला. दिनकर हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र आणि रसायनशास्त्राचे अध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे हे इरावतींचे दीर.

परदेशी जाण्यास विरोध कोणाचा?

इरावतींना पीएच.डी.साठी जर्मनीला जायचे होते. दिनकर स्वतः जर्मनीत शिकून आलेले असल्याने त्यांचा पाठिंबा होता. विरोध आला तो स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्वे यांच्याकडून. सुनेने परदेशात जाऊन शिकावे, हे त्यांना पटले नाही. अखेर पती-पत्नींनी आपला निर्णय घेतला. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावती 1928 च्या अखेरीस बर्लिनला रवाना झाल्या.

सुधारकाच्या घरातही सुधारणेला मर्यादा असतात, हा अनुभव इरावतींना वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आला. पुढे कुटुंब, सासर आणि स्त्रीचे त्यातील स्थान हाच त्यांच्या संशोधनाचा एक मोठा विषय झाला.

बर्लिनमध्ये काय घडले?

बर्लिनमध्ये त्यांनी कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत प्रवेश घेतला. मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधारणा हे विषय तिच्या नावातच होते. 1927 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांनी 1908 मध्ये जर्मनांच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्रवंशीय लोकांचा अभ्यास केला होता आणि वंशमिश्रणाच्या विरोधात मते मांडली होती. वंशशास्त्रात त्यांचा शब्द तेव्हा जर्मनीत अखेरचा मानला जाई.

माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा असमतोल गोऱ्या युरोपीय लोकांत इतरांपेक्षा जास्त असावा आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठतेशी असावा, असा फिशर यांचा कयास होता. तो तपासण्याचे काम इरावतींकडे आले. युरोपीय तसेच जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्या सुमारे दीडशे कवट्या त्यांनी मोजल्या. वसाहतींतील कवट्या तेथील लोकांच्या संमतीने आलेल्या नव्हत्या. त्या काळी युरोपातील संग्रहालये अशीच भरली जात होती.

मोजमापांतून निघालेला निष्कर्ष सरळ होता. असमतोल सर्वच मानवसमूहांत आढळतो; त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. कर्जाचे पैसे घेऊन आलेल्या, वसाहतीतून आलेल्या एका तरुण विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मनाजोगते उत्तर देणे सोपे होते. इरावतींनी मोजमापे सांगत होती तेच लिहिले. 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्या मायदेशी परतल्या.

तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला. फिशर 1933 मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांची संस्था नाझींच्या वंशवादी धोरणांचा ‘शास्त्रीय’ आधार बनली. ज्या कल्पनांना इरावतींच्या मोजमापांत दुजोरा मिळाला नव्हता, त्याच धर्तीच्या कल्पनांवर पुढे लाखो माणसांचे जगण्या-मरण्याचे निर्णय झाले.

पुण्यात परतल्यावर संशोधन लगेच सुरू झाले?

नाही. 1931 ते 1936 या काळात त्या महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, कुलसचिव होत्या. कारभारात त्यांचे मन रमले नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि इरावतींना तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून नेमण्यात आले. निवृत्तीपर्यंत हीच त्यांची कर्मभूमी राहिली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया हे सहकारी. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात अश्मयुगीन मानवी सांगाडे मिळाले, त्या कामात दोघे बरोबर होते. 1947 च्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदाचा मान इरावतींना मिळाला.

काम करण्याची पद्धत मात्र बंद खोलीतली नव्हती. मोजमापाची उपकरणे घेऊन त्या एसटीने, बैलगाडीने, पायी गावोगाव जात. लोकांची उंची, डोक्याची लांबी-रुंदी, रक्तगट यांच्या नोंदी घेत. कधी मुलेही सोबत असत. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. घरात त्या पतीला ‘दिनू’ अशी नावाने हाक मारत. मंगळसूत्र, कुंकू त्यांनी वापरले नाही.

नात्यांचा नकाशा म्हणजे काय?

गावोगाव शरीरे मोजता मोजता इरावतींच्या लक्षात आले, की माणसे कोणाशी लग्न करतात आणि कोणाशी करत नाहीत, हे कळल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. मग वहीत मापांबरोबर शब्द जमा होऊ लागले. मेहुणा, नणंद, साडू, व्याही, भावजय अशी नात्यांची नावे त्यांनी अनेक भारतीय भाषांतून गोळा केली. संस्कृत, पाली, अर्धमागधी ग्रंथांतील नाती तपासली. महाभारतातील वंशावळी त्यांना पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. 1953 मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. कसोटी होती नातेसंबंधांची आणि भाषांची.

उत्तरेचा नियम असा, की मुलगी परक्या गावात, परक्या घरात द्यायची. रक्ताचे नाते जवळचे असेल तर लग्न नाही. सून सासरी येते तेव्हा तिला ओळखीचा चेहरा नसतो. घुंघट आणि सासऱ्यासमोरचे मौन त्यातूनच येते. दक्षिणेत उलटे. मामाची मुलगी, आत्याची मुलगी, काही समाजांत थोरल्या बहिणीची मुलगीही पत्नी म्हणून चालते. मुलगी सासरी जाते ते अनेकदा आत्याच्या किंवा आजोळच्या घरी. सासू आधीपासूनच आत्या असते. म्हणून तेलुगूत दोघींना एकच शब्द पुरतो.

स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर हा फरक फार मोठा आहे. लग्नानंतर ती अनोळखी माणसांत एकटी पडते, की लहानपणापासून माहीत असलेल्या उंबऱ्यातच जाते, यावर तिचे अवघे आयुष्य अवलंबून असते. कायदा आणि धर्मशास्त्र यांच्या चर्चेत हरवणारी ही गोष्ट इरावतींनी नात्यांच्या अभ्यासात ठळक केली.

लातूर, नांदेड या नकाशावर कुठे येतात?

महाराष्ट्राला इरावतींनी मध्य विभागात ठेवले. उत्तर आणि दक्षिणेच्या रीती जेथे एकमेकींत मिसळतात असा हा पट्टा. भाषा आर्यकुळातली, पण नात्यांची घडण बरीचशी दक्षिणेच्या वळणाची. सासू आणि सासरा हे शब्द संस्कृतातील श्वश्रू आणि श्वशुर यांवरून आले. तोंडातली हाक मात्र आत्याबाई आणि मामंजी. एकाच घरात दोन्ही थर नांदतात.

मराठवाड्यातील अनेक समाजांत भावकीत लग्न होत नाही, पण मामाच्या मुलीशी सोयरीक चालते; किंबहुना तो भाच्याचा हक्क मानला जात असे. आत्याची मुलगी मात्र अनेक जातींत वर्ज्य. कारण मुलगी ज्या घरात दिली त्याच घरातून मुलगी आणणे, म्हणजे सोयरीक उलटी फिरवणे, कमीपणाचे समजले जाई. मामाच्या मुलीशी लग्न झाले, की त्या मुलीच्या बाजूने नवऱ्याची आई ही तिची सख्खी आत्या होते. सुनेच्या हाकेचे मूळ येथे आहे. प्रत्यक्ष नाते नसतानाही हाक टिकून राहिली. देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांतही हा विवाह चालतो. इरावतींच्या चित्पावन जातीत तो रूढ नाही. सीमेपलीकडे बिदर किंवा निझामाबादच्या बाजूला नियम आणखी सैल होतात. म्हणजे निलंगा, उदगीर, देगलूर हा पट्टा या नकाशावर अगदी संक्रमणाच्या रेषेवर येतो. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि तेथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदत होत्या.

महाभारताचा दाखलाही येथे लागू पडतो. सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाची, वसुदेवाची मुलगी. मराठी लोककथेत अभिमन्यू बळीरामाच्या वत्सलेशी लग्न करतो, तीही त्याच्या मामाचीच लेक. कथा ऐकणाऱ्या येथील श्रोत्यांना त्यात वावगे वाटत नाही.

ही रीत कायद्यालाही विचारात घ्यावी लागली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचे आपसातील लग्न निषिद्ध नात्यात मोडते. मात्र दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर ते वैध ठरते. जवळच्या नात्यातील विवाहांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर आज सावध करतात. शिक्षण आणि स्थलांतरामुळेही या सोयरिकी कमी होत आहेत. हाक मात्र अजून आहे.

जातींबद्दल गुरूंशी मतभेद का झाला?

जातीव्यवस्था एका मूळ रचनेतून फुटत गेली, या दिशेने घुर्ये यांची मांडणी होती. इरावतींची मोजमापे वेगळे सांगत होती. 1951 मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातींत आपसात लग्ने होत नाहीत आणि त्यांची शरीरलक्षणेही जुळतीलच असे नाही, असे त्यांना दिसले. त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले. थोरचाके, लहानचाके अशा वेगवेगळ्या कुंभार जाती आहेत. चाक वेगळे, पद्धत वेगळी, सोयरीक वेगळी. एक जात फुटून त्या झाल्या असे म्हणण्यापेक्षा, वेगवेगळे गट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले, असे म्हणणे त्यांना पुराव्याला धरून वाटले. 1961 मधील ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ या ग्रंथात ही मांडणी आहे. मराठवाड्यातील बाया जुन्या कपड्यांची वाकळ शिवतात, तसे हे चित्र आहे: तुकडे निरनिराळ्या घरचे, टाके घालून एकत्र आणलेले.

1968 मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा सारखा असूनही हे गट जैविकदृष्ट्या एकजिनसी नव्हते. सर्व ब्राह्मण एका वंशाचे, ही समजूत त्यातून ढिली झाली.

वारी आणि कोयना…

इरावतींचे घर बुद्धिवादी. तरीही त्या आळंदीहून पंढरपूरला वारीबरोबर पायी गेल्या. दिंडीतील भक्तीने त्या भारावल्या, पण ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हेही त्यांनी टिपले. त्या दोन्हीकडे जेवल्या आणि हा दुरावा त्यांना टोचला. ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी त्यांची व्याख्या याच वाटेवर सुचली. लातूर-नांदेडहून आषाढीला निघणाऱ्या दिंड्या पाहिल्या तर, हैदराबाद राज्यात असलेला हा मुलूख त्या व्याख्येत आधीपासूनच बसत होता.

अखेरच्या वर्षांत त्यांनी लेक जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. तिचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाच्या खर्चात आणि विजेच्या हिशेबात न दिसणारी गोष्ट त्यात होती. गाव उठले की जमिनीबरोबर सोयरे, भावकी, देव आणि बाजार यांची घडीही विस्कटते, आणि हाती आलेली रोख रक्कम ती परत बसवू शकत नाही. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये झाला, तेव्हा इरावती हयात नव्हत्या.

दरम्यान 1967 मध्ये ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी यांना त्यांनी देव्हाऱ्यातून उतरवून घरातल्या बायका म्हणून पाहिले. नात्यांच्या अभ्यासातील तीच नजर तेथेही आहे. 11 ऑगस्ट 1970 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी 1957 मध्येच त्यांच्या नातेसंबंधांवरील ग्रंथाची कठोर चिकित्सा केली. माहिती अफाट, पण सैद्धान्तिक बैठक सैल, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाची कल्पना त्यांच्या मोजमापांत टिकली नाही, तरी माणसाच्या शरीराची मापे घेऊन समाजाचा इतिहास शोधण्याची पद्धत त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. जगभर ती मागे पडत होती. जातीच्या उतरंडीतील अन्याय आणि सत्ता यांपेक्षा जातींच्या उगमाकडे त्यांचे लक्ष अधिक होते, अशीही टीका झाली.

जनुकशास्त्राने या वादात नवी भर घातली आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डमधील संशोधकांच्या 2013 मधील अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत भारतातील समूहांचे मोठ्या प्रमाणावर मिश्रण होत होते. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नाची रीत घट्ट झाली. गटांच्या भिंती जैविक पातळीवरही दिसतात, हे इरावतींचे निरीक्षण यातून टिकते. मात्र हे गट मुळापासूनच वेगळे होते, या म्हणण्याला मुरड घालावी लागते. भिंती उभ्या राहण्याआधी जवळजवळ सगळेच मिसळलेले होते.

आज त्यांच्याकडून काय घ्यायचे?

जात, वंश आणि मूळ यांविषयी ठाम दावे करणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मोबाइलवरच्या एका संदेशात एखाद्या समाजाचा हजारो वर्षांचा इतिहास ठरवला जातो. इरावतींनी असा दावा समोर आल्यावर आधी मोजून पाहिले, विचारून पाहिले, चालून पाहिले. दावा करणारा जगातला नामांकित प्राध्यापक असो की स्वतःचा गुरू, पुराव्याने दिले ते उत्तर त्यांनी लिहिले. त्यांचे काही निष्कर्ष काळाने बदलले, काही टिकले. लातूरच्या एखाद्या वाड्यात सून सासूला आत्या म्हणून हाक मारते, तेव्हा टिकलेल्यांपैकी एकाची साक्ष अजूनही मिळते.